धागा दिसला तरी

माझ्या पोटापाण्याचा धंदा तारा पुसण्याचा आहे. हिरो दहाव्या मजल्यावरून उडी मारतो तेव्हा त्याच्या कमरेला हार्नेस असतो, हार्नेसला तारा असतात, आणि त्या पडद्यावर दिसू नयेत म्हणून अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका औद्योगिक गाळ्यात आम्ही काही माणसं एसीत कुडकुडत बसलेलो असतो. सेकंदाला 24 फ्रेम. चार सेकंदांचा शॉट म्हणजे 96 चित्रं, आणि प्रत्येक चित्रातली तार वेगळी पुसायची. त्याच जागेचा माणसाविना घेतलेला रिकामा शॉट, ज्याला आम्ही क्लीन प्लेट म्हणतो, तो हाताशी असेल तर तारेमागची भिंत तिथून उचलून लावता येते. बहुतेक वेळा सेटवर घाई असते आणि क्लीन प्लेट घ्यायची राहून जाते. मग भिंतीचा तुकडा आधीच्या फ्रेममधून उसना घ्यायचा, आभाळाचा नंतरच्या. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, आणि मग दिवसभर तारा. काम चांगलं झालं की ते कुणाला दिसतच नाही.

अशा बाईने जुन्या जादूच्या सिनेमांना हसावं यात नवल ते काय? मी हसायचे, अगदी मनापासून. कॉम्प्युटरवर माझं एक खास फोल्डर होतं. त्यात पुठ्ठ्याची रॉकेटं होती, पाय लागला की हलणारे खडक होते, तारांनी लोंबकळणारे राक्षस होते. नवी पोरं कामाला लागली की चहाच्या वेळी त्यांना हा खजिना दाखवायचा, ही माझी जबाबदारी. ‘चाँद पर चढाई’ (1967) हे त्यातलं रत्न. नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी आपले दारा सिंग चंद्रावर जाऊन हाणामारी करून आले होते! रहस्यपटांबद्दलचं मत याहून कडक होतं. गुन्हेगार कळला की सिनेमा संपला. तोच रहस्यपट पुन्हा पाहणारा माणूस एकतर विसरभोळा असणार, नाहीतर त्याला झोप येत नसणार.

म्हणजे धागा दिसला की जादू मेली, खुनी कळला की रहस्य मेलं. सगळी गंमत न कळण्यात, असा माझा साधा हिशेब होता, आणि पगारही त्याच हिशेबावर मिळत होता.

त्याला पहिला तडा एका कामातच गेला. साठच्या दशकातला एक जादूचा सिनेमा स्कॅन होऊन आमच्याकडे आला होता. करारामुळे नाव सांगता येत नाही. ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग, थरथरणारी फ्रेम, एवढं साफ करायचं होतं. त्यात एक प्रसंग आहे. दरबारात ठेवलेली सुरई आपोआप उठते, हवेतून जाते आणि वजिराच्या पेल्यात शरबत ओतते. धागे दिसत होते. एक सुरईच्या मानेला, एक बुडाला. पुसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण हात सवयीचे. मी दोन्ही धागे पुसले, आणि अभिमानाने सांगते, फार सफाईने पुसले.

दुसऱ्या दिवशी शॉट चालवला तर सुरईत जीवच नव्हता. आधी काय व्हायचं, तर धागा ताणला गेला की सुरईला बारीकसा हिसका बसायचा, ती किंचित झुलायची, सावरायची, मग पुढे सरकायची. धागा होता तोवर तो हिसका कुणाच्या तरी मनगटाचा होता. वर माळ्यावर बसलेल्या, घामाघूम झालेल्या, श्वास रोखून धरलेल्या माणसाच्या मनगटाचा. धागा गेल्यावर नुसती एक अडखळणारी सुरई उरली. आणि त्या वजिराची नजर! तो सुरईकडे बघतच नव्हता. सुरईच्या बोटभर वर, जिथे धागा होता, तिथे बघत होता. धाग्यासकट त्याचं बघणं बरोबर होतं, आता तो चकणा दिसायला लागला.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, “मॅम, आधीचंच बरं होतं.”

त्याला मी गप्प केलं. दुपारी मात्र मूळची फाइल परत लावली.

मग मी त्या धाग्याचाच माग काढायला लागले, आणि तो थेट अंधेरीत निघाला. विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरीतलाच. हॉलिवुडचा 1933 सालचा ‘द इनव्हिजिबल मॅन’ पाहून असं काहीतरी आपल्याकडेही करावं असं भट्ट यांच्या मनाने घेतलं. तिकडे जॉन फुल्टन यांनी नटाला अंगभर काळी मखमल चढवून काळ्या मखमलीपुढे उभं केलं होतं आणि नंतर प्रयोगशाळेत दोन चित्रं एकमेकांवर चढवली होती. इकडे ती यंत्रं कुठून आणायची? सुरतेहून आलेला बाबूभाई मिस्त्री नावाचा पोरगा होता, 1918 चा जन्म, म्हणजे विशीही उलटलेली नव्हती. त्याने काळा पडदा लावला, काळा धागा घेतला आणि वस्तू हवेत नाचवल्या. हा ‘ख्वाब की दुनिया’, साल 1937. त्यानंतर सिनेमावाल्यांनी बाबूभाईंचं नावच ‘काला धागा’ पाडलं.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही. पण त्या टोपणनावाशी मी बराच वेळ अडून राहिले. जादूगाराचं गुपित हेच त्याचं नाव! धागा लपवायचा असता तर असं नाव कुणी मिरवू दिलं असतं का? आमच्या धंद्यात सिनेमाच्या शेवटी नावांची मुंग्यांएवढी यादी सरकते, तोवर लोक पार्किंगमध्ये पोचलेले असतात. तिथे एक माणूस आपल्या युक्तीच्या नावाने ओळखला गेला, आणि याच युक्त्यांवर 2010 पर्यंतचं दीर्घ आयुष्य जगला. दारा सिंगचा ‘किंग काँग’ (1962), ‘पारसमणी’ (1963) हे सिनेमे त्यांनी दिग्दर्शित केले. माझ्या फोल्डरमधल्या काही हसण्याच्या जागा त्यांच्याच होत्या हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

कामाची माहिती असली की आदर जरा लवकर वाटतो, हे खरं. एका फ्रेममध्ये एकच नट दोनदा दाखवायचा तर त्या काळी काय करायचे? भिंगापुढची अर्धी बाजू काळ्या पुठ्ठ्याने झाकायची, शॉट घ्यायचा, फिल्म कॅमेऱ्यातच मोजून मागे गुंडाळायची, मग दुसरी बाजू झाकून त्याच फिल्मवर पुन्हा शॉट घ्यायचा. मधे कॅमेऱ्याला धक्का लागला, मोजणी चुकली, नट रेघ ओलांडून पलीकडे गेला, की दोन्ही शॉट गेले आणि महागडी निगेटिव्ह कचऱ्यात. बरं, चुकलंय हे कळणार फिल्म धुऊन आल्यावर, तोवर सेट मोडलेला. मी दिवसभरात कंट्रोल झेड किती वेळा दाबते ते विचारू नका. चेंबूरला होमी वाडियांच्या बसंत स्टुडिओत असली कामं वर्षानुवर्षं चालली. ‘हातिमताई’ (1956) तिथल्याच मंडळींचा. हातिमच्या सात प्रश्नांची उत्तरं शोधण्यात मला आता फारसा रस वाटत नाही. हे इथे कसं केलं असेल, याचं उत्तर शोधण्यात मात्र जेवण गार होतं.

आवाजाचीही अशीच एक गोष्ट. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ (1949) हा आपल्याकडच्या भुताच्या रहस्यपटांचा आद्यपुरुष. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीचा आवाज दुरून येतो आणि जवळ जवळ येत जातो. तेव्हा असा परिणाम साधायला काही यंत्र नव्हतं. माइक खोलीच्या मध्यावर ठेवला, लता मंगेशकर लांब कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि गात गात हळूहळू माइककडे चालत आल्या. रेकॉर्डवर गायिकेचं नावही आधी त्यांचं नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं, ‘कामिनी’ असं होतं. हे कळल्यावर गाण्यातलं भूत पळून जाईल असं मला वाटलं होतं. उलट आता ते गाणं लागलं की मला पावलं ऐकू येतात. त्या स्टुडिओच्या जागेत आज लहान लहान कारखाने आहेत. तिथे उभं राहून गहिवरणाऱ्यांतली मी नाही. गल्लीत टेम्पो उलटा येत असतो, गहिवरायला उसंत मिळत नाही.

खरं तर मराठी माणसाला हे वेगळं शिकवावं लागू नये. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये अर्धवटरावांना मांडीवर घेऊन बसतात तेव्हा बोलतंय कोण, हे सभागृहातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी सगळ्या माना बाहुल्याकडे वळलेल्या असतात. 1916 साली यशवंत पाध्यांनी तो बाहुला केला, तेव्हापासून हे असंच चाललंय. याच रामदास पाध्यांनी ‘झपाटलेला’साठी (1993) तात्या विंचू घडवला आणि नाचवला. लक्ष्मीकांत बेर्डे त्यात बोलक्या बाहुल्यांचेच खेळ करतो, ही महेश कोठारेंची खाशी चलाखी. बाहुला बोलण्याची फसवणूक समोर उघडी मांडायची, आणि मग खरंच बोलणारा बाहुला आणून सोडायचा! लहानपणी मी तात्या विंचूला टरकून असायचे, कॉलेजात त्याची टिंगल केली. आता पाहताना मी बाहुल्याच्या खालची जागा शोधते. तो बहुतेकदा कशाच्या तरी आडून का दिसतो, तो धावायला लागला की कॅमेरा जमिनीलगत त्याचेच डोळे का होतो, हे आता मला समजतं. आणि गंमत म्हणजे, समजूनही ‘ओम फट् स्वाहा’ला पाय आपोआप सोफ्यावर जातात.

रहस्यपटांबाबतचं मत मात्र माझ्या धंद्याने बदललं नाही, आईने बदललं. ती घाटकोपरच्या भटवाडीत वाढली. गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे आणि पुढची जागा मिळाली नाही की मुलं पडद्याच्या मागे बसायची. ‘पाठलाग’ (1964) तिने पहिल्यांदा तसा मागून पाहिला. अक्षरं उलटी, काशिनाथ घाणेकर डावखुरे. अजूनही ती महिन्या-दोन महिन्यांनी टीव्हीवर तोच लावून बसते.

एकदा मी वैतागून म्हटलं, “अगं आई, ती कोण आहे हे तुला पाठ आहे ना?”

“म्हणून तर बघतेय,” ती म्हणाली. “पहिल्या वेळी तिच्याकडेच बघत राहिले. आता त्याच्याकडे बघायचंय.”

मी शेजारी बसले, तिला चिडवायलाच. जयंत देवकुळ्यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा राजा परांजप्यांचा सिनेमा. पुढे हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला. साठ वर्षं होऊन गेली, तेव्हा आता फोडायला हरकत नाही: कोर्टात वकिलालाच ‘मी तुझी बायको’ म्हणणारी ती बाई पहिल्यापासून खरंच बोलत असते. पहिल्यांदा पाहताना आपण वकिलाच्या बाजूने असतो, या भामटीला तो कधी उघडी पाडतो याची वाट बघतो. सगळं माहीत असताना बघा. ती संसारातली एकेक खूण सांगते आणि तो एकेक नाकारतो. बायको गेली, हे दुःख त्याने इतकं घट्ट धरलंय की समोर उभी असलेली बायको त्याला नको झालीय. हा सिनेमा मला पहिल्या खेपेला दिसलाच नव्हता. आईला तो कितव्या खेपेला दिसला, कोण जाणे.

याचा अर्थ मी सगळ्याच जुन्याच्या पायाशी लोळण घेतली असा कुणी काढू नये. ‘अहाहा, काय तो काळ’ म्हणणारे लोक मला अजूनही सहन होत नाहीत. त्यातल्या निम्म्यांनी तो सिनेमा तेव्हा अर्धा टाकून घर गाठलेलं असतं. जंगलपटांत माणसांना काळं फासून, गवताचे झगे घालून ‘रानटी’ म्हणून नाचवायचे, ते मला बघवत नाही, ट्रिक कितीही चांगली असो. तिथे धागा दिसतो तो निराळाच. बऱ्याच सिनेमांत दोन सुंदर ट्रिकांच्या मधे आठ गाणी आणि एक असह्य विदूषक असतो. मी तो भाग पळवते आणि मला त्याची लाज वाटत नाही. ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसी मालिका मुंबई दूरदर्शनवर लागायची तेव्हा घरात कुणी बोललेलं चालायचं नाही. बी. पी. सिंग आणि शिवाजी साटम ही ‘सीआयडी’ची जोडी तिथलीच. ‘सीआयडी’ 1998 ला सुरू झालं आणि वीस वर्षं चाललं. मला तेव्हाही झेपलं नाही, आजही झेपत नाही. दार तोडायच्या आधी एकदा कडी वाजवून बघावी, या मतावर मी ठाम आहे.

‘मिस्टर इंडिया’त (1987) बजरंगबलीची मूर्ती आपोआप उचलली जाते आणि गुंडांना बडवते, तो प्रसंग मी अलीकडे ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर लावला. पोरं हसायला सज्ज बसली होती. मी एकेका फ्रेमला थांबवत विचारलं, मूर्ती कुठे धरली असेल? उजेड कुठून टाकला असेल? अदृश्य माणूस लाल उजेडात दिसतो ही कल्पना गोष्टीची किती सोय करते आणि निर्मात्याची किती? चहा गार झाला. शेवटी दोघांचं कडाक्याचं भांडण लागलं, एक म्हणे तार, दुसरा म्हणे खालून दांडा. माझं मत दांड्याच्या बाजूने आहे.

जुन्या सिनेमाच्या दुरुस्तीचं काम हल्ली आलं की अंदाजपत्रकात मी एक ओळ जास्तीची घालते: धागे, तारा, चुकून दिसलेले हात हे मूळ चित्रीकरणातले धरून तसेच ठेवले जातील, पुसून हवे असल्यास वेगळे पैसे पडतील. वेगळे पैसे द्यायला अजून एकही गिऱ्हाईक तयार झालेलं नाही, त्यामुळे धागे शाबूत आहेत.