तिसऱ्या आठवड्यानंतर

उंदराच्या पिल्ला, पहिले दोन आठवडे तुझ्यात आणि तुझ्या भावंडांत काही फरक नव्हता. अंगावर लव आली, डोळे उघडले, आईच्या कुशीसाठी तूही रेटारेटी केलीस. मग तिसरा-चौथा आठवडा आला आणि चाल बिघडली. मागचे पाय फाकले, अंग कलू लागलं. दाण्याकडे जायची ओढ मात्र तसूभरही उणावली नव्हती.

लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी पहिल्यांदा चित्रात पाहिल्या, तेव्हा मला वहीत ठेवलेलं पिंपळपान आठवलं. तशाच सपाट, तशाच जाळीदार. लहान मेंदूच्या सालीतून बाहेर पडणारा प्रत्येक निरोप त्यांच्याच वाटेने जातो, आणि तो आवरण्याचा असतो: पुरे, इथे थांब, आता पाय टेकव. तुझी ही पानं नीट उमलली होती. पंधरा-सोळा दिवसांनी ती गळू लागली. दीड महिन्यात जवळजवळ एकही उरलं नाही. मुळात घडलंच नाही, त्याचं दुःख वेगळं. तुझं सगळं घडून, जुळून आलं होतं रे.

तुझं कूळ बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेतलं. १९७६ साली म्युलन, आयकर आणि सिडमन यांनी ते जगापुढे मांडलं. नाव ठेवलं ‘पीसीडी’, म्हणजे पुरकिंजे पेशींचा ऱ्हास. जन्माआधीच मरणाचं नाव लागलेलं कूळ! ते उच्चारताना मला अजून जड जातं.

चूक कुठल्या जनुकात, हे कळायला २००२ उजाडलं. पेशीच्या आत बारीक नळ्यांचे रूळ असतात. त्यांवर ग्लुटामेटच्या शेपट्या फुटतात, आणि वाढलेल्या शेपट्या छाटणारं एक एन्झाइम असतं. तुझ्यात तो माळीच नव्हता. शेपट्या वाढत गेल्या, रुळांवरची ने-आण मंदावली. पुढे वास विरत गेला, डोळ्यांतला उजेडही.

२०१० साली शेपट्या जोडणारं एन्झाइमच कमी केलं, तेव्हा तुझ्या कुळातल्या उंदरांच्या या पेशी तगल्या. तू तेव्हा नव्हतास. २०१८ साली कळलं, काही माणसांच्या बाळांतही हा माळी नसतो. त्यांचाही लहान मेंदू झिजतो. त्या बाळांच्या आयांना तुझं नावही ठाऊक नसेल.

पिंजऱ्यात भुसा पसरलेला. दाणा चार पावलांवर. तू निघालास, कलंडलास, उठलास, आणि पुन्हा त्याच दिशेला नाक केलंस.