ठसठस आणि झुकिझुकि

जपानी भाषेची जेएलपीटी नावाची परीक्षा असते. एन फाइव्हपासून एन वनपर्यंत तिच्या पाच पायऱ्या. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढं त्यात तपासतात, बोलायला मात्र लावत नाहीत. ही परीक्षा पुण्यात देऊन मी लग्नानंतर तोक्योला गेले. ग्रंथालयात पुस्तकं आहेत, उद्या पाऊस पडेल, अशी वाक्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची. पोळ्यांचं पीठ कोणतं, हे दुकानात विचारायला शब्द नव्हते.

आम्ही निशि-कासाईला राहायचो. तोक्योच्या पूर्वेकडच्या एदोगावा वॉर्डातलं तोझाई लाइनवरचं हे स्टेशन. सन २००० च्या सुमारास आपली कॉम्प्युटरवाली मंडळी तिथं राहू लागली आणि हळूहळू भारतीयांची वस्तीच झाली. २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्डसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही मराठीच. तूरडाळ, हिंग, मोहरी, सगळं हाताशी मिळतं. त्यामुळे जपानी न बोलता वर्षानुवर्षं निभतं, आणि बऱ्याचजणींचं निभत होतं. मला ते जमेना. मी नवी पेठेतल्या दुकानदाराची मुलगी.

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढतानाच माझे वडील अण्णा ओळखायचे, ‘काय हवं’ हे ‘एमी कावाली अक्का?’ असं विचारायचं की ‘एनु बेकु अक्का?’ पूर्व भागातल्या विणकराच्या घरची बाई असली तर तेलुगू, अक्कलकोट-विजापूरकडची असली तर कन्नड. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दोन्ही एकदम, आणि मधूनच दखनी. मला यातलं काही कुणी बसवून शिकवलं नाही. ‘एर्रा’ ऐकलं की लाल ठाण काढायचं, ‘केंपु’ ऐकलं तरी लालच. दुसरंच ठाण काढलं तर अक्का मान हलवायच्या, बोट दाखवायच्या, की पुढचं काढायचं. कुणी हसायचं नाही, कारण त्यांना लुगडं हवं असायचं आणि आम्हाला ते विकायचं असायचं. भाषा अशीच येते, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे.

म्हणून मी सुपरमार्केटात पिठांच्या फळीसमोर उभी राहिले आणि माल लावणाऱ्या बाईंना एकेक पाकीट दाखवत ‘कोरे वा?’, म्हणजे ‘हे काय?’, म्हणत गेले. हाकुरिकिको. त्यांनी हवेत केक फेटून दाखवला. क्योरिकिको. पाव मळून दाखवला. तिसरं पाकीटही तसंच पांढरं, काताकुरिको. त्यांनी एका हातावर दुसरा हात घोळवला आणि तोंडानं तेलात तळल्याचा आवाज काढला. ते बटाट्याचं स्टार्च निघालं. मग मी दोन्ही तळव्यांत पोळी थापून दाखवली. त्या खालच्या फळीशी वाकल्या आणि कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचं छोटं पाकीट वर काढलं, झेन्र्यूफुन. हे चार शब्द मी आजतागायत विसरलेले नाही. पुढं शेंगदाण्याचं राक्कासेईही त्यांच्याकडूनच आलं. जपानात सगळ्यात जास्त भुईमूग चिबा प्रांतात होतो आणि चिबा आमच्या वॉर्डाला लागूनच आहे, तेव्हा शेंगाचटणीची ददात पडली नाही.

कचऱ्याचे वार, जाळायचा कचरा वेगळा, त्यावर कावळ्यांसाठी टाकायची जाळी, हे सगळं शेजारच्या ओबासाननी, म्हणजे मावशींनी, शिकवलं. करासु म्हणजे कावळा, हा शब्द त्यांनी तारेवर बसलेल्या कावळ्याकडेच बोट करून दिला.

पण खरी भाषा मला दाताच्या दवाखान्यात भेटली. दाढ दुखत होती. दुखतंय हे सांगता येत होतं, ‘हा गा इताइ’. डॉक्टरांना तेवढं पुरेना. त्यांनी विचारलं, ‘झुकिझुकि? चिकुचिकु?’ मी गप्प. मग त्यांनी मूठ वळली आणि उघडली, वळली आणि उघडली, नाडीच्या ठेक्यात. नंतर एका बोटाचं टोक दुसऱ्या हातावर टोचत नेलं. मला एकदम कळलं, आणि तोंडातून मराठीच निघालं, ‘ठसठस!’ त्यांनी मान डोलावली आणि कार्डावर झुकिझुकि लिहिलं.

त्या रात्री मी वहीत दोन रकाने आखले. चुरचुर, हिरिहिरि. मळमळ, मुकामुका. डोकं घणघणणं, गानगान. तापाआधीची हुडहुडी, झोकुझोकु. इंग्रजी माध्यमातून जपानी शिकणाऱ्याला हे शब्द बालिश वाटतात आणि पुस्तकंही ते मागं ढकलतात. आपल्याला ते बालिश वाटायचं कारण नाही. आपण डॉक्टरांपुढं असंच तर बोलतो. शिवाय मराठीसारखंच जपानीतही क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागं. ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला. मराठीतून, तेलुगूतून, कन्नडमधून जपानीकडं सरळ वाट जाते. तरी आपण आधी मनात इंग्रजी वाक्य करतो आणि मग ते उलटंपालटं करत बसतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात हुशार मुलींची वर्षं जातात.

आता मी सोलापुरात परत आले आहे. संध्याकाळी दुकानाच्या माडीवर नर्सिंग झालेल्या मुली येतात. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला, तेव्हापासून वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामासाठी जपानला जायचा रस्ता या मुलींना दिसू लागला आहे. त्यासाठी लागणाऱ्या परीक्षांची तयारी त्या क्लासमध्ये करतात. माझ्याकडं फक्त एकच काम. जपानी म्हातारी माणसं दुखणं कसं सांगतील, ते ओळखायचं. त्यासाठी प्रत्येकीनं घरून आजीचे शब्द आणायचे, मराठी असोत, तेलुगू की कन्नड. मग एकीनं आजी व्हायचं, कण्हायचं, पोट धरायचं. दुसरीनं जपानीत विचारायचं.

परवा एकीनं ‘कळ येते’ आणलं. ती थांबून थांबून, आतून पिळत येते की बारीक बारीक दुखत राहते, यावर बराच वेळ गेला. शेवटी पिळणारीला किरिकिरि आणि बारीक दुखणारीला शिकुशिकु असं ठरलं. ‘कसंतरीच होतंय’ हे मात्र अजून अडून आहे. ‘किबुन गा वारुइ’, म्हणजे बरं वाटत नाही, हे जवळ जातं, पण मुलींना ते पुरेसं वाटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.