मांडलेल्या संसाराची प्रत

बदलीचा हुकूम हाती पडेपर्यंत आपल्या घरात वस्तू किती आहेत, याची कोणाही सरकारी नोकराला खरी कल्पना नसते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा अनुभव चारदोनदा तरी घेतला असेल, म्हणून त्याचे वर्णन करीत बसत नाही. सामान बांधावयास आठ दिवस पुरतात, उलगडावयास चार. परंतु घर 'लागावयास' सहा महिने जातात. अंधारात हात बिनचूक दिव्याच्या बटणावर पडू लागला, दूधवाल्याला आपली वेळ कळली, पोस्टमनला आपल्या आडनावातले जोडाक्षर वाचता येऊ लागले, की समजावे घर लागले. आणि नेमका त्याच सुमारास पुढला हुकूम येतो. अशा वेळी एक वेडगळ विचार आमच्या मनात हटकून येई. लागलेले घर जसेच्या तसे, त्या बटणासह आणि दूधवाल्याच्या वेळेसह, उचलून नव्या गावी ठेवता आले तर!

हा वेडगळपणा संगणकाच्या क्षेत्रात काही माणसांनी खरोखरीच केला आहे, हे आम्हांस शिलाँगला असताना कळले. तेथील एका तरुण सांख्यिकी अधिकाऱ्याने इमॅक्स नावाचा, मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा प्रोग्राम आमच्या गळ्यात मारला. डोंगरातील पावसाळा लांब, संध्याकाळी दुसरे काही करण्याजोगे नसे. तेव्हा त्या प्रोग्रामच्या पोटात काय आहे हे तो आम्हांस सांगत बसे आणि आम्ही, कळो न कळो, ऐकत असू. पुढे कळू लागले, आणि मग सुटले नाही.

फाइल या शब्दाशी आपणां सर्वांचा जन्माचा संबंध. डिस्कवर पडलेला प्रोग्राम ही अशीच फितीत बांधलेली एक फाइल असते. ती चालवा म्हटले म्हणजे संगणक तिला स्मृतीत जागा देतो, तिच्यातील आज्ञा तेथे मांडतो आणि पहिल्या आज्ञेपासून काम सुरू होते. मग प्रोग्राम आपला संसार मांडतो: कोष्टके भरतो, याद्या जुळवतो, कोणती वस्तू कोठे ठेवली त्याच्या नोंदी करतो. काम संपले की हा सारा मांडलेला संसार पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

इमॅक्सच्या बाबतीत ही मांडामांड फार मोठी होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये ज्या इमॅक्सच्या लेखनास आरंभ केला, त्याचा गाभा सी भाषेत असून बाकीचा बराचसा भाग लिस्प भाषेत आहे. नुसता गाभा म्हणजे चार भिंती आणि छप्पर. लिस्पमधील फाइली एकामागून एक वाचून घेतल्याखेरीज तेथे राहता येत नाही, आणि त्या काळच्या यंत्रांवर हे वाचन होईपर्यंत बराच वेळ जाई. रोज सकाळी प्रत्येक माणसाने तेवढा वेळ का बसून काढावा? त्यावर काढलेला तोडगा असा. गाभ्याची एक उघडी प्रत तयार करावयाची; तिचे नाव टेमॅक्स. तिला एकदाच चालवून सगळ्या फाइली वाचावयास लावावयाच्या. संसार पुरता मांडून झाला, की त्या घटकेला तिच्या स्मृतीत जे जे असेल ते सर्व एका नव्या फाइलीत उतरवावयाचे, आणि ती फाइल अशी घडवावयाची की तीच एक नवा प्रोग्राम म्हणून चालावी. लोक इमॅक्स म्हणून जी फाइल चालवीत ती ही. ती बांधणाऱ्याच्या यंत्रावर एकदा जगून आलेली असे.

हे उतरवण्याचे काम करणाऱ्या भागाचे नाव अनएक्झेक. युनिक्समध्ये फाइलीचा चालता प्रोग्राम करण्याच्या क्रियेला एक्झेक म्हणतात, म्हणून तिच्या उलट ते अनएक्झेक. यूटा विद्यापीठातील स्पेन्सर थॉमस यांनी ते लिहिले, आणि माथ्यावर मंगळवार, २ मार्च १९८२ अशी वारासह तारीख घातली. ज्याने आयुष्यभर टिपणांवर तारखा घातल्या त्याला ही शिस्त पाहून बरे वाटते.

रीत सांगण्यासारखी आहे. चालवण्याजोग्या फाइलीत आज्ञांचा एक भाग असतो, आरंभीच्या किमतींसह माहितीचा दुसरा. आणि तिसरा भाग असतो तो नुसत्या रिकाम्या जागेचा. हा तिसरा भाग फाइलीत प्रत्यक्ष लिहीत नाहीत. 'येथे इतकी कोरी जागा सोडावी' एवढाच शेरा पुरतो. पण टेमॅक्स चालून गेल्यावर ती जागा कोरी कोठली राहावयास? तिच्यात संसार उभा राहिलेला असतो. अनएक्झेक त्या कोऱ्या जागेला भरलेली जागा म्हणून दुसऱ्या भागात सामील करून घेते, शिरोभागातील मोजमापे बदलते आणि सर्व काही लिहून काढते.

नवा प्रोग्राम सुरू होतो तो मात्र जेथे जुना थांबला तेथून नव्हे. तो पहिल्या आज्ञेपासूनच निघतो, बालकासारखा. पण वाटेत एक खूण तपासतो. 'आरंभीची मांडणी झाली आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्मृतीत आधीच 'होय' असे लिहिलेले सापडते आणि तो पुढे निघून जातो. डॉनल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्येही अशीच सोय ठेवलेली आहे. तेथे या खुणेची किंमत ३१४१५९ आहे. न मांडलेल्या स्मृतीत काय कचरा पडलेला असेल याचा नेम नसतो. त्या कचऱ्यात योगायोगाने एक किंवा शून्य सापडेल, पण पायचे आरंभीचे सहा अंक सापडणे कठीण. शास्त्रशुद्धतेची थोडी मुरड घालून काटकसर साधली, अशी कबुली क्नूथ यांनी त्या ठिकाणी देऊन ठेवली आहे. आम्हांस ती खूण फार आवडते.

आता काय बरोबर जात नाही ते पाहावे. चालत्या प्रोग्रामने उघडलेल्या फाइली नव्या प्रतीत उघड्या राहत नाहीत. पडद्याशी जोडलेला दुवा तुटतो. बाहेरच्या परिस्थितीविषयी जे जे कळले होते ते सर्व शिळे होते. घड्याळाची गोष्ट तर मौजेची आहे. प्रोग्रामने एकदा स्थानिक वेळेचा पट्टा विचारून घेतला की ती माहिती स्मृतीत बसते, आणि मग प्रत जेथे बांधली त्या गावचे घड्याळ ती जेथे चालेल त्या गावात घेऊन येण्याची भीती. म्हणून इमॅक्सच्या कर्त्यांनी बांधणीच्या वेळी मुद्दाम एक विक्षिप्त नावाचा पट्टा घालून ठेवला, जो सहसा कोणी निवडणार नाही. म्हणजे खऱ्या गावी पोचल्यावर वेळ नव्याने विचारावीच लागेल. ही दूरदृष्टी आमच्या ओळखीच्या किती मंडळींना लाभली आहे? तीस वर्षे गुवाहाटीत काढून पुण्याच्या सूर्यास्ताप्रमाणे जेवणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत.

लिस्पच्या इतर घराण्यांतही ही प्रथा आहे. त्यांपैकी एकात स्मृती उतरवण्याच्या आज्ञेचे नावच सेव्ह-लिस्प-अँड-डाय, म्हणजे जतन कर आणि मर, असे आहे, आणि ते अक्षरशः खरे आहे: प्रत लिहून होताच मूळ चालता प्रोग्राम संपतो. एकाच वेळी अनेक कामांचे धागे चालू असतील तर ते आधी आवरावे लागतात. कार्यभार देताना आपण याहून निराळे काय करतो? स्मॉलटॉकवाले याच्याही पुढे गेले. त्यांच्याकडे पडद्यावरील उघड्या खिडक्यांसह सर्व काही जसेच्या तसे पुन्हा उभे राहते. १९९६ साली आलेले स्क्वीक हे ॲपलकडील जुन्या स्मॉलटॉकच्या अशाच प्रतिमेपासून वाढवले होते. दिव्याने दिवा लावावा तसे.

हे सारे इतके सोयीचे, तर मग इमॅक्सने ते सोडले का? येथे पत्त्याचा प्रश्न येतो.

स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो; तो तिचा पत्ता. मांडलेल्या संसारात वस्तूंपेक्षा पत्तेच अधिक असतात. ही यादी अमुक क्रमांकावर आहे, तिचे पुढले कलम तमुक क्रमांकावर, अशा लक्षावधी नोंदी. प्रत पुन्हा त्याच जागी उतरली तर सर्व पत्ते खरे. पण २००५ च्या सुमारास लिनक्सने, चोराला घराची रचना आधी कळू नये म्हणून, प्रोग्रामच्या जागा दर वेळी यदृच्छया बदलण्यास आरंभ केला. इमॅक्स बांधताना हे बदलणे तेवढ्यापुरते बंद ठेवावे लागू लागले. त्यात आणखी एक भानगड होती. स्मृतीची वाटणी करणारा जो कारकून सी भाषेच्या ग्रंथालयात असतो, त्याच्या वह्याही इमॅक्सच्या प्रतीत जात आणि नव्या ठिकाणी तोच हिशेब पुढे चालवण्यासाठी त्या ग्रंथालयाने खास सोय ठेवली होती. २०१६ मध्ये ग्रंथालयाच्या व्यवस्थापकांनी ही सोय यापुढे ठेवणार नाही असे सांगितले. एका भाडेकरूसाठी सबंध चाळीचा जिना किती दिवस अडवून ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. ते चुकीचे होते असे आम्हांस वाटत नाही.

चुकीच्या पत्त्यातील वाईट गोष्ट ही, की तो चुकीचा आहे हे तेथे जाईपर्यंत कळत नाही. आणि तेथे काहीच नसले तर एक बरे. प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो आणि मोकळा होतो. तेथे दुसरेच काही असले आणि त्याने तेच आपले म्हणून धरले, तर तो कितीतरी वेळ आत्मविश्वासाने खोटे चालत राहतो.

आम्ही १९८९ साली साताऱ्याहून निघालो. तेव्हाचा सातारा, तेव्हाची मराठी, तेव्हाचे विनोद, सारे त्या दिवसाच्या प्रतीत उतरून जबलपूर, शिलाँग, विशाखापट्टणम आणि आता कोलकाता असे आमच्याबरोबर हिंडले. मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही सगळे जमतो तेव्हा प्रत्येकाची प्रत निरनिराळ्या वर्षाची असते, आणि गंमत म्हणजे आपापसांत ती उत्तम चालते. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी तर सतराव्या शतकात तिकडे गेलेल्या बोलीचा संसार तमिळच्या शेजारात आजवर चालवला आहे. तेथे ती बोली चुकत नाही. जुने पत्ते आणि जुनी जागा तेथे एकत्रच आहेत. अडचण परतणाऱ्याची होते. दोन वर्षांपूर्वी साताऱ्यात रिक्षावाल्यास आम्ही एका टॉकीजपाशी न्यावयास सांगितले. "ते कुठं आलं, काका?" त्याने विचारले. त्याचा जन्म बहुधा ती टॉकीज पडल्यानंतरचा. पोवई नाक्यावरचे रस्ते आता भुयारातून जातात. तो आम्हांस जेथे घेऊन गेला तेथे एक कापडाचे मोठे दुकान होते, आणि क्षणभर आमचे पाय आपले म्हणून त्याच्या पायऱ्या चढू लागले होते.

आमची सेवा यंदा संपते. कोठे राहावयाचे, हा प्रश्न घरात वर्षभर घोळतो आहे. मुलगी बंगळूरला आहे, ती बोलावते. आम्हांस साताऱ्याखेरीज दुसरे सुचत नाही आणि सौभाग्यवतींना साताऱ्याखेरीज कोठेही चालेल. त्या मूळच्या नागपूरच्या. लग्नानंतर सबंध आयुष्यात मिळून साताऱ्यात त्या चाळीस दिवस राहिल्या असतील, आणि तेही सुनेच्या नात्याने. "तुमचा सातारा तुमच्या डोक्यात आहे," त्या म्हणतात, "मला जिथं भाजी आणायला जायचंय तो नाही." यावर आमच्याजवळ उत्तर नाही.

इमॅक्सने मात्र उत्तर काढले. डॅनिएल कोलासिओने यांनी लिहिलेली नवी पद्धत २०१९ मध्ये मूळ संहितेत आली आणि २०२० साली निघालेल्या २७ व्या आवृत्तीपासून रूढ झाली. तीत नवा प्रोग्राम घडवीतच नाहीत. गाभा गाभ्याच्या जागी राहतो. मांडलेला संसार निराळ्या फाइलीत ठेवतात, आणि तिच्याबरोबर एक यादी देतात, की या संसारात पत्ते कोठे कोठे लिहिलेले आहेत.  फाइल जेथे उतरेल त्या जागेचा क्रमांक पाहावयाचा आणि त्याप्रमाणे यादीतील प्रत्येक पत्ता दुरुस्त करावयाचा. ज्या गाभ्याने फाइल घडवली तोच हा गाभा, हे ताडून पाहण्यासाठी दोहोंवर एक अंगठाही असतो. तो जुळला नाही तर फाइल उघडतच नाही. जुन्या पद्धतीचा थाट हिच्यात नाही. एकसंध, स्वयंपूर्ण, चालती वस्तू हाती येत नाही. दोन फाइली सांभाळाव्या लागतात. थॉमस यांच्या युक्तीत जो खेळकरपणा होता तो आम्हांस अजून अधिक प्रिय आहे. पण यादी करणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच मान्य केलेली असते, की जागा तीच मिळणार नाही.

सौभाग्यवतींनी ही हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि आठ दिवसांनी स्वतःची अट सांगितली. साताऱ्यास जावयाचे, पण आमच्या पेठेत नव्हे. गावाबाहेर नव्या वस्तीत, जेथे दोघांनाही एकही घर ओळखीचे नाही. बाजार, डॉक्टर, वाण्याचे दुकान त्या शोधतील, आणि रस्ता विचारण्याचे काम आमच्याकडे राहील. वर्षभरात त्यांस करमले नाही तर बंगळूर. आम्ही रुकार दिला. धाकट्या भावाने दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत. करार अकरा महिन्यांचा आहे. त्याचा मसुदा परवाच टपालाने आला, आणि त्यात भाडेकरूचा कायमचा पत्ता ही ओळ त्याने आम्ही भरावी म्हणून कोरी सोडली आहे.