हवेचे पैसे

आमच्या घरात ओम्नीला कुणी गाडी म्हणत नसे, ‘धंदा’ म्हणत. “आज धंदा दारात कसा?” असं शेजारच्या काकूंनी विचारलं की आई विषय बदलायची. सकाळ-दुपार शाळेची पोरं आणि रविवारी जोतिबा, नरसोबाची वाडी, पन्हाळा अशी भाडी. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून ती जुनी गाडी घेतली होती. पेट्रोल परवडेना म्हणून नंतर तिला गॅस किट बसवलं. २००४ च्या पावसाळ्यात तिनं मिसिंग सुरू केलं. उभी असताना थरथरायची, घाटात दम धरायची नाही आणि मागं सायलेन्सर फटफट करायचा.

नेहमीच्या गॅरेजात प्लग बदलले, वायरी बदलल्या. फरक पडेना, मग कॉम्प्रेशन मीटर लावला. तीनपैकी मधल्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकी दोघांच्या निम्म्यावर आलं होतं. निकाल तिथंच लागला : फुल इंजिन. रिबोर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळंच. सांगितलेला आकडा आमच्या दोन-तीन महिन्यांच्या मिळकतीएवढा होता, शिवाय गाडी उभी राहणार ते वेगळंच.

त्या गॅरेजवाल्याला मी आजही लबाड म्हणणार नाही. कॉम्प्रेशन मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतो. स्टार्टर मारून इंजिन फिरवायचं आणि सिलिंडरात किती दाब तयार होतो ते बघायचं, एवढंच त्याचं काम. दाब कमी आहे हे कळतं, पण तो कुठून निसटतो हे कळत नाही. रिंगेतून, इनलेट वॉलमधून, एक्झॉस्ट वॉलमधून की गॅस्केटमधून? त्यात बॅटरी मवाळ असली तर आकडा तसाही खाली येतो. अशा वेळी सगळंच उघडून बघणं मेकॅनिकला सोयीचं पडतं, कारण उघडायचे पैसे गिऱ्हाईक देतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं वडिलांना अण्णांकडं पाठवलं. “इंजिन खोलायच्या आधी त्यास्नी एकदा दावा,” एवढंच म्हणाला. अण्णांचं पूर्ण नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. फाउंड्रीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. दारावर बोर्ड नव्हता, आत रेडिओ चालू. वडील गाडीचं रडगाणं सांगायला लागले तसा अण्णांनी हात वर केला. “पावणं, तुमी बसा. गाडीलाच इचारू.”

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उलटी केली की सगळं समोर. आधी रेडिएटरचं झाकण काढून ठेवलं. गरम झाल्यावर ते काढणं म्हणजे तोंड भाजून घेणं. मग इंजिन थोडं तापवलं, तिन्ही प्लग काढले आणि कोपऱ्यातल्या पेटीतून ती वस्तू काढली : एका लोखंडी पट्टीवर दोन प्रेशर गेज, शेजारी रेग्युलेटर आणि रबरी नळीच्या टोकाला एक जुना स्पार्क प्लग. त्या प्लगमधली चिनी माती फोडून काढलेली आणि जागी पितळी निप्पल झाळलेलं. दोन गेजांच्या मधे एक बारीक भोक हवं असतं, साधारण एक मिलिमीटरचं. त्यासाठी अण्णांनी भंगारातल्या कार्बोरेटरचा पितळी जेट बसवला होता. जेटचं भोक कारखान्यातच मापात पाडलेलं असतं, आपल्या ड्रिलला तेवढी सफाई येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ज्या गावात बाबूराव पेंटर आणि मंडळींनी सिनेमाचा कॅमेरा गावातच बनवला, त्या गावात कुणाला याचं फार कौतुक वाटलं नाही, हेही खरं.

इंग्रजीतलंच नाव सगळीकडं चालतं : लीक-डाऊन टेस्टर. अण्णा त्याला ‘हवामीटर’ म्हणत.

त्याचं काम असं. पिस्टन अगदी वर आणायचा, तोही कॉम्प्रेशनच्या फेरीत, म्हणजे दोन्ही वॉल बंद असतात. मग कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून आत सोडायची. पहिला गेज रेग्युलेटरनं शंभर पीएसआयवर लावायचा. सिलिंडरनं हवा धरून ठेवली तर दुसरा गेजही शंभराच्या जवळ जातो. हवा कुठून निसटत असेल, तर त्या बारीक भोकातून तेवढी भरपाई होत नाही आणि दुसरा काटा खाली राहतो. बारीक धारेच्या नळाखाली फुटकी बादली ठेवावी, तसं. दुसरा गेज नव्वद दाखवत असेल तर गळती दहा टक्के.

पिस्टन वर आला हे अण्णा अंगठ्यानं ओळखत. एक जण पुलीवर पाना लावून इंजिन फिरवतो, भोकावर धरलेला अंगठा हवा उचलून टाकते, की समजायचं कॉम्प्रेशन सुरू. पुढचं माप शहाळ्याच्या स्ट्रॉनं. तार घातली तर ओरखडे उठतात, खराट्याची काडी मोडून आत पडते, स्ट्रॉला दोन्ही भीती नाही. स्ट्रॉ वर येते, थांबते, खाली जाऊ लागते. ती थांबते ती जागा पकडायची.

आणि मग ते ओरडले, “पाना काढा! हात काढा!” ओम्नीचा बोअर ६८.५ मिलिमीटर. शंभर पीएसआयची हवा त्या पिस्टनवर अडीचशे किलोहून जास्त जोर लावते. पिस्टन बरोबर टोकावर असेल तर तो जोर सरळ खाली जिरतो, जरा इकडं-तिकडं असेल तर क्रँक झटक्यात फिरतो. पुलीवर पाना अडकलेला असला की तो मनगट मोडतो. म्हणून गाडी टॉप गियरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. हवा सोडायचीसुद्धा हळूहळू. हे मी आजही पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, तेही ओरडूनच.

पुढचा सिलिंडर ९२. मागचा ९०. मधला चाळीस. साठ टक्के हवा पळत होती.

“बाळ, हिकडं ये.” अण्णांनी मला हातभर रबरी नळी दिली. एक टोक कानाला, दुसरं सायलेन्सरच्या तोंडाशी. शूऽऽ असा सरळ, न थांबणारा आवाज. मग कार्बोरेटरच्या तोंडाशी : काही नाही. रेडिएटरात बुडबुडे? पाणी निवांत. शेवटी ऑईलचं झाकण काढून तिथं नळी धरली, तर तिथंही बारीक फुसफुस. मी घाबरून म्हणालो, “अण्णा, हितंबी येतोय!” ते हसले. “तिथं असणारच लेका. रिंगंला गॅप असती, न्हाईतर तापल्यावर ती आत अडकंल. आता बाजूच्या सिलिंडरला लावून ऐक.” ऐकलं. तेवढाच आवाज. म्हणजे रिंगा बाद नव्हत्या. इथंच कितीतरी लोक फसतात आणि कितीतरी इंजिनं फुकट उघडली जातात.

तरी अण्णांनी हेडला हात लावला नाही. टॅपेट कव्हर काढलं आणि मधल्या एक्झॉस्ट वॉलच्या फटीत फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातं घालून बघितलं. जाईना. ही गॅसची देणगी. गॅस कोरडा जळतो, वॉलच्या बैठकीला तो काहीच ओलावा देत नाही. बैठक झिजते, वॉल हेडमध्ये आत सरकतो, टॅपेटची फट संपते आणि वॉल पूर्ण मिटतच नाही. न मिटलेल्या वॉलला बैठकीवर उष्णता सोडता येत नाही, मग त्याची कड जळते. अण्णांनी फट मापात लावली आणि पुन्हा हवा सोडली. काटा चाळिसाचा साठावर आला. सुधारला, पण पुरेसा नाही. सायलेन्सर अजून फुसफुसत होताच.

“आता हेड काढू,” ते म्हणाले. आता काढायला कारण होतं.

वॉलच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेला होता. बोअरमध्ये मात्र होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. अण्णांनी वडिलांना वाकून त्या बघायला लावल्या. एक वॉल, पेस्ट लावून बैठका घासणं, हेड गॅस्केट, मजुरी. तिसऱ्या दिवशी पोरं शाळेत गेली. हिशेब करताना वडिलांनी विचारलं, “त्या टेस्टिंगचं किती?” अण्णा म्हणाले, “हवंचं कुठं पैसं असत्यात व्हय?”

त्या वर्षीपासून दर दिवाळीला वडील त्यांच्याकडं गुळाचा रवा घेऊन जायचे, आणि मी सुट्टीच्या दिवशी त्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. अण्णांनी मला शिकवायला घेतलं असं कधी म्हटलं नाही. नळी मात्र माझ्याकडंच असायची. एकदा एक पद्मिनी आली. दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर शेजारी-शेजारीच गेलेले. दोनात हवा सोडली तर तीनच्या प्लगच्या भोकातून वारा आला, हातावर चक्क जाणवला. मधल्या पट्टीवर गॅस्केट उडालं होतं. दुसऱ्या एका गाडीच्या रेडिएटरात एकेक बुडबुडा सावकाश यायचा. मालक कंटाळून चहाला गेला, अण्णा पाण्याकडं बघत बसून राहिले. ते बघत बसणं मला वर्गात कुणी शिकवलं नसतं.

आकड्यांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता, आणि त्याला कारण होतं. मधलं भोक बदललं की टक्के बदलतात, म्हणून एका मीटरचे वीस टक्के दुसऱ्या मीटरवर वीस येतीलच असं नाही. दहाच्या आत चांगलं, विसापर्यंत चालेल, तिसाच्या वर हात घाला, हा ढोबळ हिशेब ते मानत. पण त्याच इंजिनातल्या दुसऱ्या सिलिंडरशी ताडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला बोलत नसत.

आज मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला शिकवतो. आमच्याकडं स्कॅनर आहे. तो वायर लावली की पी०३०२ असा कोड देतो, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरात मिसफायर. पोरांना वाटतं, निदान झालं. मी त्यांना तिथून पुढं कामाला लावतो. प्लग ठीक आहे, कॉइल ठीक आहे, इंजेक्टर ठीक आहे, मग हवा सोडा आणि ऐका. बाजारात हिरव्या-लाल पट्ट्यांचे छान लीक-डाऊन टेस्टर मिळतात, आमच्याकडंही एक आहे. पोरं तांबड्या पट्टीकडं बघून निकाल देतात, मी त्यांच्या हातात रबरी नळी देतो.

अण्णा गेल्यावर त्यांच्या मुलानं शेड विकली. सामान काढायला सुरुवात झाली तेव्हा त्यानं मला फोन केला, कारण ती पेटी कशाची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मी पोहोचलो तोवर भंगारवाला काटा लावून बसला होता, पितळ वेगळं, लोखंड वेगळं. हवामीटर आता आमच्या वर्कशॉपच्या कपाटात आहे. एक गेज बदलावा लागला. जेट तोच आहे आणि दर बॅच त्यावर एक तरी इंजिन तपासते.

कोल्हापुरात, इचलकरंजीत, सांगलीत, जिथं जिथं जुने मिस्त्री होऊन गेले, तिथं अशा पेट्या माळ्यावर पडून असतील. घरच्यांना त्यातलं काय कशाचं हे कळत नाही, त्यात त्यांचा दोष नाही. किलोवर घालण्याआधी जवळच्या आयटीआयला एक फोन करा. न्यायला आम्ही येऊ.