उत्तर आधी सांगू नकोस

चि. अस्मितास,


दहावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवायला तू तयार केलेला अभ्याससंच वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच ओळीत ‘डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे कशी घटली?’ असं विचारलंस, म्हणजे गुन्हेगार ठरलेल्या वेदनाशामकाचं नाव आधीच फोडलंस. आता पोरांनी शोधायचं काय? तो नेहमीचा धडाच झाला, फक्त प्रश्नचिन्ह लावलेला.

शास्त्रज्ञांना ज्या क्रमानं कळलं, साधारण त्याच क्रमानं मुलांना कळू दे. पहिल्या पानावर एवढंच लिही: नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षी-संशोधक विभू प्रकाश यांना गिधाडं झपाट्यानं कमी होताना दिसली. खायला मेलेली गुरं तर होतीच. मुलं रोग म्हणतील, कीटकनाशक म्हणतील. सगळं फळ्यावर लिही, काहीही खोडू नकोस. संसर्गाचा संशय संशोधकांनाही आलाच होता.

दुसऱ्या पानावर शवविच्छेदन. आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर, तो युरिक आम्लाचा. एवढं सांगून थांब. पक्षी नायट्रोजनयुक्त कचरा कसा बाहेर टाकतात, हे पाहायला मुलं उत्सर्जनाचा धडा आपणहून उघडतील. मूत्रपिंड बिघडलं असणार, हे वाक्य त्यांच्या तोंडून यायला हवं. धड्याची गरज निर्माण होणं, हेच तर अशा संचाचं काम.

तिसऱ्या पानावर पाकिस्तानातल्या अभ्यासाचा २००४ साली प्रसिद्ध झालेला तक्ता. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या सगळ्या २५ गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. इथे घाई करू नकोस. ‘एवढ्यावरून औषधालाच दोषी धरायचं का?’ असं विचार. शंका काढणारं पोर निघालं, तर तास सार्थकी लागला. औषध दिलेल्या जनावरांचं मांस गिधाडांना खाऊ घालून ती शंका कशी फेडली, ते चौथ्या पानावर येऊ दे.

शेवटचं पान निर्णयाचं. भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली, मेलॉक्सिकॅम हा पर्याय पुढे आला. पण माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक दुकानात मिळतच राहिलं, आणि ते जनावरांनाही देता येत होतं. मग शेतकऱ्यानं, दुकानदारानं, सरकारनं काय करावं? गुण देताना मुलं कोणत्या बाजूची आहेत हे पाहू नकोस. पुरावा कोणता दिला आणि कशामुळे मत बदलेल, हे पाहा. चिरगावची गिधाडं तुमच्या म्हसळा तालुक्यातलीच, तेव्हा हा प्रश्न मुलांच्या जवळचा आहे. गावच्या पशुवैद्यांना एका तासाला बोलाव, आणि प्रश्न मुलांनाच विचारू दे.

तुझ्या,
बाई

ता. क. पुढचा संच सिकलसेल या आनुवंशिक आजारावर करणार म्हणतेस. वंशावळ काल्पनिक कुटुंबाचीच घे. घरच्यांची माहिती मुलांकडून मागवू नकोस. वर्गात कुणाच्या घरी तो आजार असेल, सांगता येत नाही.