खुपऱ्यांचे दिवस

आमच्या लहानपणी उमरग्यात डोळ्यांचं दुखणं कुणी लपवत नसे. लपणार तरी कसं? वैशाखात आड तळाला गेलेला, सोलापूर-हैदराबाद रस्त्याची धूळ घरात आलेली, आणि माशा तर हक्कानं डोळ्यांच्या कडेला बसलेल्या. सकाळी लेकरांचे डोळे चिपडांनी असे चिकटत की ओल्या फडक्यानं भिजवल्याशिवाय पापणी सुटायची नाही. फडकं एकच, लेकरं चार-पाच. वर आईचा पदर या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरायचा. काजळाची डबी सगळ्या वाड्यात मिळून एक, आणि बोटही तेच.

गल्लीत एक म्हातारी होती, सगळ्यांची मावशी. ती ओट्यावर बसून आगकाडीच्या टेकूवर लेकराची वरची पापणी फटकन उलटी करायची. आत भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे दिसले की निकाल लागला: "खुपऱ्या हायेत." मग खडीसाखरेच्या खड्यानं ते दाणे घासायचे. लेकरू किंचाळायचं, बाया त्याचं डोकं धरून बसायच्या, आम्ही बाकीची पोरं गोल करून बघायचो. दवाखान्यात नेलं तरी सुटका नव्हतीच, तिथं पापणीच्या आतून मोरचुदाची कांडी फिरायची. मावशी वर पथ्यही सांगायची, डोळ्याला पाणी लावू नका. नेमकं पाणीच हवं होतं. चेहरा धुवायला पुरेसं पाणी मिळालं असतं, तर निम्मं दुखणं तिथंच थांबलं असतं.

खुपऱ्यांनी माणूस एकदम आंधळा होत नाही. लहानपणी संसर्ग पुन्हापुन्हा होतो, पापणीच्या आत वण धरतात, पापणी आत वळते आणि केस बुबुळाला घासू लागतात. माझ्या आजीच्या चंचीत सुपारी-कातासोबत एक चिमटा असायचा. उन्हात बसून ती मला हाक मारायची, "बघ रे राजा, केस दिसतो का?" मी केस दाखवायचा, तिनं उपटायचा. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. तिचं बुबुळ पांढुरकं होत गेलं, ते आम्हाला म्हातारपणच वाटलं.

पुढं मी लॅबच्या धंद्यात पडलो, आणि मावशीच्या साबुदाण्यामागचा जंतू पुस्तकात भेटला: क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. मोठा नाटकी जीव. पेशीबाहेर असतो तेव्हा मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाएवढा कण, ना वाढतो ना फुटतो. पेशीत शिरला की रूप बदलतो, मोठा होतो, एकाचे दोन होत एका पिशवीत गर्दी करतो. मग पुन्हा कणरूप घेतो, आणि दोन-तीन दिवसांत पेशी फोडून शेजारच्या पेशीकडे निघतो. हॅलबरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांना 1907 मध्ये जावा बेटावर खुपऱ्यांच्या पेशींत या पिशव्या दिसल्या. पण साध्या अगरवर तो वाढेना, म्हणून पुढं कित्येक वर्षं त्याला व्हायरसच समजत होते. चीनच्या तांग फेइफान यांनी 1950 च्या दशकात कोंबडीच्या अंड्यातल्या पिवळ्या बलकाच्या पिशवीत तो वाढवला, आणि खुपऱ्या यानंच होतात हे दाखवायला स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. डोळा सुजला, तरी त्यांनी लगेच औषध घेतलं नाही. आमच्या ओट्यावर साखर घासली जात होती, त्याच सुमाराची ही गोष्ट.

लॅब सुरू केली तेव्हा माझा मायक्रोस्कोप आरशाचा होता. लाइट गेली की खिडकीकडे तोंड करून ऊन पकडायचं. पापणीच्या आतलं खरवडून काचेवर घ्यायचं, जिम्साचा रंग चढवायचा आणि केंद्रकाला टोपीसारखी चिकटलेली जांभळी पिशवी शोधायची. मान मोडेस्तोवर बघावं तेव्हा एखादी दिसे, पुष्कळदा तीही नाही.

लॅबला असाच चकवणारा दुसरा जंतू मायकोप्लाझ्मा, हटवादी खोकल्याचा. त्याचं निदान त्यामानानं गमतीचं. त्याला पेशीभित्तिकाच नाही. म्हणून ग्रॅमच्या रंगाला तो दाद देत नाही, आणि भित्तिकेवर घाव घालणारं पेनिसिलिन त्याच्यावर वाया जातं. इंजेक्शनं देऊनही खोकला हटत नसला की गावातले एक डॉक्टर मला बर्फ आणायला सांगत. रक्त न गोठणाऱ्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, नळी बर्फात ठेवायची, मग तिरपी करून बघायची. काचेवर वाळूसारखी कणी दिसली, तर मुठीत धरून ऊब द्यायची. कणी विरघळली, पुन्हा गार केल्यावर पुन्हा आली, की डॉक्टर पेनिसिलिन सोडून टेट्रासायक्लिन लिहीत. ही खूण साधारण निम्म्याच रुग्णांत सापडते आणि इतर आजारांतही फसवते, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण बर्फ रसवंतीवर मिळायचा, चाचणी फुकटात व्हायची. आता घशातल्या स्वॅबवर पीसीआर होतं, एका नमुन्यात डझनभर जंतूंची हजेरी लागते. बिल बघून मला तो बर्फ आठवतो.

खुपऱ्या मात्र खरोखर गेल्या. 1963 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पंजाब, राजस्थान, गुजरातकडे प्रकोप मोठा होता, पण टेट्रासायक्लिन मलमाच्या ट्यूबा आमच्यापर्यंतही आल्या. माझ्या मते मलमाइतकंच काम नळानं केलं. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून ट्रॅकोमा, म्हणजेच खुपऱ्या, गेल्याचं जाहीर केलं. उमरग्यात कुणी पेढे वाटले नाहीत. नातवाला खुपऱ्या म्हणजे काय, ते मला सांगावं लागलं.

गेलं ते डोळ्यांतलं. त्याच जंतूचे ए ते सी हे प्रकार पापणीत राहतात, डी ते के हे जननमार्गात. संबंधातून लागतात. बाळंतपणात आईकडून बाळाच्या डोळ्यांत आणि फुप्फुसांतही जातात. बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. न कळता संसर्ग वर चढतो आणि गर्भनलिका बंद करतो. हायवेला लागलं की टेस्ट ट्यूब बेबीच्या पाट्या दिसतात. नलिका बंद व्हायला आपल्याकडे क्षयही मोठं कारण आहे, सगळं खापर क्लॅमिडियावर फोडणं बरोबर नाही. पण त्या दवाखान्यांत जमीन विकून पोचलेल्या जोडप्यांत लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत क्लॅमिडियाची तपासणी झालेली किती असतील? माझ्या लॅबमध्ये तरी ती चिठ्ठी क्वचित आली.

चाचणी तर आता सोपी आहे. पुरुषाची लघवी, बाईनं स्वतःच घेतलेला स्वॅब, बस्स. क्षयासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलेलं सीबीनॅट यंत्र असतं ना, त्याच जातीच्या यंत्रात क्लॅमिडिया-गोनोरियाचं कार्ट्रिज बसतं आणि दीड तासात उत्तर येतं. ओट्यावर पापणी उलटताना अख्खी गल्ली हजर असायची. आता काउंटरवर बाई आधी मागं कोण उभं आहे ते बघते, मग हळूच म्हणते, "अंगावरून जातंय." रिपोर्ट मोबाइलवर नको असतो, कारण मोबाइल घरात चौघांच्या हातात असतो.

माझी भाची नर्स आहे. लैंगिक आजारांच्या सरकारी 'सुरक्षा' क्लिनिकमध्ये तिनं काही वर्षं काढली. तिथं चाचणीची वाट न बघता लक्षणांवरून औषध देतात, रंगीत किटांमधून. करड्या किटात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम, दोन्ही एकदाच घ्यायची. असलं किट बाईला आणि नवऱ्यालाही द्यायचं असतं. "मामा," ती म्हणाली, "बाई आपल्या गोळ्या तिथंच पाण्यासोबत गिळते. नवऱ्याचं किट पुढं केलं की म्हणते, ते राहू द्या सिस्टर, मला विचारतील कशाला म्हणून. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तीच बाई परत माझ्यापुढं बसलेली असते."