ग्वेस

मुलीकडे स्वित्झर्लंडला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी जावयांनी व्हिस्पला नेलं. आल्प्समधल्या व्हालिस प्रांतातलं हे गाव. ऱ्होनच्या या दरीत पाऊस थोडा, ऊन भरपूर. म्हणून डोंगरउतारावर दगडी बांध घालून द्राक्षमळे चढवलेले. वर व्हिस्परटर्मिनेनला तर ते ११५० मीटरपर्यंत गेले आहेत. आम्हा सीमाभागातल्यांना ओळखीची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, याच प्रांतात वरच्या अंगाला जर्मन, खालच्या अंगाला फ्रेंच. द्राक्षांनाही दोन-दोन नावं.

'ग्वेस' तिथं भेटली. मध्ययुगात हे पांढरं द्राक्ष कुळवाड्यांचं. पीक भरघोस, रस आंबट. सरदारांच्या आणि मठांच्या मळ्यांत मान पिनोचा. हिला उरलीसुरली जमीन. काही ठिकाणी तर हिच्या लागवडीवर बंदीच घातली होती. व्हालिसमध्ये ती थोडी तगून राहिली.

१९९९ साली कॅलिफोर्निया आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी डीएनए तपासला, आणि जगभर मिरवणारी शार्दोने ही पिनो आणि ग्वेस यांची लेक निघाली! सोळा जाती या एका जोडप्याच्या. पुढे दहाएक वर्षांनी, फक्त आईकडून येणारा अंश तपासला, तेव्हा शार्दोनेची आई ग्वेसच ठरली.

"म्हणजे एवढी शतकं आईचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं?" मी विचारलं. जावई हसले. मला हसू आलं नाही.

माझी आई चंदगडकडची. वडील बेळगावात मराठीचे मास्तर. घरात शुद्ध बोलण्याचा दरारा. "लिहिण्याचा गुण बापाचा हो," असं लोक म्हणत, आणि मी मान डोलवी. पहिल्या कथासंग्रहाच्या समारंभाला निघताना मी आईला म्हणालो, "तिथं फार बोलू नकोस कुणाशी." ती मागच्या खुर्चीवर गप्प बसली, चहासुद्धा हातानंच नको म्हणाली. त्या पुस्तकातल्या निम्म्या गोष्टी तिच्या, चुलीपाशी चंदगडीत सांगितलेल्या. मी त्या शुद्ध करून घेतल्या, इतकंच. अर्पणपत्रिकेत नाव वडिलांचं.

ग्वेसचा एक घोट घेतला. (आमच्या घरात कुणी घेत नाही, पण घेतला.) जीभ आंबून गेली.

"बाबा, आजीची ती अस्वलाची गोष्ट सांगा ना यांना," मुलगी म्हणाली.

मी सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला अडलो. आईचा शब्द आठवेना. येत होता तो माझाच.